जाळीमागचा खर्जाचा आवाज



आज मी एका गाण्याबद्दल बोलणार आहे, आणि खरं म्हणजे माझी एक चूक दुरुस्त करणार आहे.

गाणं आपल्याकडचं नाही. भाषा लॅटिन, म्हणजे आपल्या संस्कृतसारखी, आता मुख्यतः प्रार्थनेत आणि पोथ्यांत उरलेली. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इटली देशातल्या व्हेनिस शहरात ते रचलं गेलं. नाव 'ग्लोरिया'. रचणाऱ्याचं नाव अंतोनियो विवाल्दी. देवाची थोरवी गायची आणि पृथ्वीवरच्या माणसांसाठी शांती मागायची, असा त्याचा आशय. ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेत ही प्रार्थना असते. आपल्या वसईकडच्या चर्चमध्ये ती मराठीत म्हणतात. विवाल्दीने त्याच जुन्या शब्दांना चाल लावली. बारा भाग आहेत, सगळे मिळून अर्धा तास लागतो.

आपल्या रेडिओ केंद्रावर काम करणाऱ्या मुलीने मला ते पेनड्राइव्हवर दिलं. मी बी. ए. ला इतिहास घेतला होता, पण आमच्या पुस्तकात युरोप म्हणजे राजे, लढाया आणि तह. गाणं कुठेच नव्हतं. गटाची बैठक आटोपली, कर्जाचे हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि मी लहान स्पीकरवर ते लावलं. आधी सगळ्या हसल्या. मग हळूहळू गप्प झाल्या.

आमच्या गटात एक काकी आहेत. त्यांचा आवाज जाड आहे, अगदी खर्जातला. भजनी मंडळात त्यांना मागच्या रांगेत बसवतात आणि सांगतात, काकी, तुम्ही नुसते टाळ धरा. कारण त्या गायला लागल्या की पेटीवाल्याची पट्टी बाकीच्या बायांना जमत नाही आणि बायांची पट्टी काकींना जमत नाही. एकदा कुणीतरी 'बापयासारखा आवाज' म्हणून हसलं होतं. तेव्हापासून त्या तोंड उघडतच नाहीत.

गाणं चालू असताना काकींनी विचारलं, "ताई, हे खाली कोण गातंय? बापई माणसं हायेत ना?"

मी म्हटलं, "हो काकी. वरचे दोन आवाज बायांचे, खालचे दोन पुरुषांचे. तिकडे तशीच पद्धत आहे."

त्या रेकॉर्डिंगपुरतं माझं उत्तर बरोबर होतं. त्यात खालचे आवाज पुरुषांचेच होते. पण हे गाणं ज्या घरात पहिल्यांदा उभं राहिलं त्या घराबद्दल मी घरी जाऊन वाचलं, तेव्हा कळलं की तिथे गाणाऱ्यांत एकही पुरुष नव्हता. चारही आवाज बायांचे. आणि त्या बायांची गोष्ट अशी की ती काकींना सांगितल्याशिवाय मला राहवेना. आज तुम्हालाही सांगते.

व्हेनिस हे पाण्यातलं शहर. रस्त्यांच्या जागी कालवे, बैलगाडीच्या जागी होड्या. व्यापारामुळे श्रीमंत झालेलं. श्रीमंत शहरात गरिबीही असते आणि नको असलेली बाळंही असतात. तिथे 1346 साली एका साधूने टाकून दिलेल्या बाळांसाठी घर सुरू केलं. तो दारोदार 'पिएता, पिएता' म्हणत भीक मागायचा असं सांगतात. पिएता म्हणजे दया, करुणा. तेच त्या घराचं नाव पडलं.

घराच्या भिंतीत एक कोनाडा होता. रात्री कुणी यायचं, बाळ कोनाड्यात ठेवायचं आणि निघून जायचं. आत बाळाची नोंद व्हायची. तारीख, अंगावर कोणते कपडे होते, सोबत काय होतं. पुष्कळदा सोबत काहीतरी अर्धं असायचं. अर्धं पदक, अर्धं चित्र, अर्धा कापलेला कागद. उरलेला अर्धा भाग आईकडे. दिवस पालटले तर तो अर्धा तुकडा घेऊन ती येईल, दोन्ही तुकडे जुळतील आणि बाळ परत मिळेल, एवढी ती आशा. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं आणि चहा करायला उठले.

बाळ घरात आलं की त्याच्या अंगावर 'पी' अक्षराची लहानशी खूण डागत. 'पी' म्हणजे पिएता. अदलाबदल होऊ नये, कुणी खोटं सांगू नये, म्हणून. मग त्याला दूध पाजणाऱ्या बाईकडे पाठवत. यातल्या कितीतरी बाया शहराबाहेरच्या खेड्यांतल्या होत्या, मोबदला घेऊन दुसऱ्याचं बाळ अंगावर पाजणाऱ्या. किती बाळं त्या पहिल्या वर्षातच गेली त्याचीही नोंद त्याच वह्यांत आहे. विवाल्दीच्या काळात लहानमोठी सगळी धरून हजाराच्या आसपास जीव या घराच्या आधाराने जगत होते.

पिएताच्या चर्चच्या बाजूच्या भिंतीवर 1548 सालचा दगडी शिलालेख अजून आहे. पोपच्या हुकमाने लावलेला. ऐपत असून जे आपली मुलं इथे टाकतील त्यांना शाप लागो, असा त्याचा अर्थ. म्हणजे पैसेवाली माणसंही बाळं आणून ठेवत होती आणि लोकांना ते माहीत होतं. शाप वाचायला लागायचा तो रात्री बाळ घेऊन आलेल्या बाईला. बाप कुठे होता ते त्या दगडावर नाही.

आपल्याकडेही हे होतं. 1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर नाहीतर बाळाचा गळा एवढेच रस्ते असत. तिने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर बाळ ठेवून जावं. काशीबाई नावाची अशीच एक बाई आली आणि तिचा मुलगा यशवंत पुढे फुल्यांनी दत्तक घेतला. म्हणून व्हेनिसचा तो कोनाडा मला फार लांबचा वाटला नाही.

आता गाण्याकडे येते.

पिएतातल्या मुलग्यांना मोठं झाल्यावर कसबाचं काम शिकायला बाहेर पाठवत. मुली मात्र आतच राहत. त्यांचं दोन गटांत वाटप होई. बहुतेक मुली 'सर्वसाधारण' गटात. त्या रेशीम कातायच्या, लेस विणायच्या, शिवणकाम, धुणं, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा करायच्या. त्यांच्या कामाच्या विक्रीतून घराला पैसा मिळे. ज्यांचा गळा किंवा कान चांगला त्या 'कोरो'त, म्हणजे गाणं-वाजवणं करणाऱ्या गटात. व्हेनिसमध्ये अशी चार मोठी धर्मादाय घरं होती आणि चारही ठिकाणी मुलींचे वाद्यवृंद होते. पण पिएताचं नाव सर्वांत मोठं.

या मुलींना शिकवलं कुणी? बाहेरून दोन-चार पुरुष शिक्षक पगारावर येत. पण रोजचं शिकवणं घरातल्या मोठ्या बायाच करत. त्यांना 'माएस्त्रा' म्हणत, म्हणजे गुरुबाई. गुरुबाई बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तयार करायची, ती मुलगी मोठी झाली की पुढच्या मुलीला. कधीतरी एखादीला लग्न करून बाहेर जायचं असलं तर आपल्या मागे दोघीजणी तयार करून ठेवणं हा तिच्यावर भार असे. मला आपल्या सी.आर.पी. ताईंचं प्रशिक्षण आठवलं. फरक एवढाच की तिथे ही साखळी शंभर-दीडशे वर्षं तुटली नाही.

बाहेरून आलेल्या त्या शिक्षकांपैकी एक हा विवाल्दी. 1678 चा जन्म, व्हेनिसचाच. बाप आधी न्हावी, मग व्हायोलिन वाजवणारा. पोराचे केस लालभडक, आणि 1703 साली तो पाद्री झाला, म्हणून लोक त्याला 'तांबडा पाद्री' म्हणत. छातीचा आजार होता, दम लागायचा. त्याच वर्षी पिएताने त्याला व्हायोलिन शिकवायला ठेवलं, वर्षाला 60 दुकात पगार. दुकात म्हणजे तिथलं नाणं. पुढे दुसरं वाद्यही शिकवायला लागल्यावर पगार वाढला.

त्याची नेमणूक कायम नव्हती बरं का. घराचा कारभार पाहणारे सरदार-व्यापारी दर वर्षी मतदान करायचे, या माणसाला ठेवायचं का नाही. 1709 साली सहा मतं बाजूने आणि सात विरुद्ध पडली. गेली नोकरी. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी परत बोलावलं. हे वाचून मला जरा बरं वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि त्याचाही ठराव एका मताने पडला!

1713 साली तिथले गायनाचे मुख्य गुरुजी रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. चर्चमधल्या गाण्यांची जबाबदारी आपसूक विवाल्दीकडे आली. 1715 साली कारभाऱ्यांनी त्याला जादा कामाबद्दल 50 दुकात दिले, त्या कामाची यादी नोंदीत आहे, आणि त्यात तीसहून जास्त छोटी भक्तिगीतं आहेत. 'ग्लोरिया' याच सुमाराची धरतात.

म्हणजे हे गाणं कोनाड्यात सापडलेल्या मुलींच्या गळ्यासाठी बेतलेलं आहे. ते आता कसं ऐकायचं ते सांगते.

सुरुवातीला व्हायोलिनं खालच्या सा वरून एकदम वरच्या सा वर उडी मारतात, परत खाली, परत वर. झोपाळ्यासारखं. मग ट्रम्पेट येतं, आपल्या तुतारीच्या कुळातलं. आणि मग सगळे आवाज एकदम, देवळाचं दार धाडकन उघडल्यासारखे. आमच्या बाया हसल्या त्या इथेच. पण दुसरा भाग लागला आणि हसू थांबलं. तो संथ आहे. पृथ्वीवर शांती असो, एवढाच अर्थ, पण सूर असे लावलेत की शांती मिळालेली नाही, मागावी लागतेय. आवाज एकावर एक रचले जातात, घासतात, सुटतात, पुन्हा घासतात. आमच्यातली एक म्हणाली, हे बाई रडगाणं आहे. मला तसं वाटत नाही. रडून झाल्यावर माणूस जसा बोलतो तसं ते आहे.

तिसऱ्या भागात दोघीच गातात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची, जात्यावर समोरासमोर बसलेल्या बायांसारखी. सहाव्या भागात एकटी बाई आणि तिच्यासोबत ओबो. ओबो म्हणजे सनईच्या नात्यातलं वाद्य, दोन पात्यांमधून फुंकायचं. पिएतात ओबोसुद्धा मुलीच वाजवत. त्या काळात सभ्य घरच्या बाईने फुंकून वाजवायचं वाद्य तोंडाला लावणं बरं दिसत नाही अशी समजूत होती. या मुलींना घरच नव्हतं, त्यामुळे घराच्या अब्रूचा प्रश्न नव्हता. 1739 मध्ये व्हेनिसला आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की कितीही मोठं वाद्य असो, या पोरी त्याला घाबरत नाहीत. व्हायोलिन, बासरी, ऑर्गन, चेलो, सगळं त्यांनीच वाजवायचं आणि त्यांच्यातल्याच एकीने ताल धरून सगळ्यांना चालवायचं.

आता खालचे आवाज. कागदावर या गाण्यात चार आवाज लिहिलेत. सोप्रानो आणि आल्तो हे वरचे, तेनोर आणि बास हे खालचे. पेटीच्या डाव्या हाताकडचे सूर. पुरुषाला कोरोत प्रवेश नव्हता, मग हे कोण गायचं? त्याचं उत्तर घराच्या नोंदवहीत मिळतं. या मुलींना आडनाव नसे. बाप माहीत नाही तर आडनाव कुठलं? मग नावापुढे त्यांचं काम लावत. व्हायोलिन वाजवणारी 'दाल व्हायोलिन', ऑर्गनवाली 'दाल ऑर्गनो'. आणि त्याच वह्यांत बायांच्या नावापुढे 'दाल तेनोर' लिहिलंय, 'दाल बासो'ही लिहिलंय. खर्जवाली अमुक. हीच तिची ओळख, हेच तिचं आडनाव.

या बाया कागदावर लिहिलेल्या अगदी तळाच्या सुरात गात, की काही जागी वरच्या पट्टीत नेऊन गात आणि तळ वाद्यांवर सोडत, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण खालचा भाग बायाच गायच्या यावर वाद नाही. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या बायांच्या गायनवृंदाने व्हेनिसला जाऊन, पिएताच्याच चर्चमध्ये, 'ग्लोरिया' फक्त बायांच्या आवाजात गायली. बीबीसीने 2006 साली ते दाखवलं. त्यात तळाचे सूर लावणाऱ्या बाया आहेत, साध्या, चष्मा लावलेल्या, वयस्क. ते मी नंतर शोधून ऐकलं. पुरुषांचा आवाज खालून भिंतीसारखा उभा राहतो. या बायांचा तसा राहत नाही. तो वरच्या आवाजांत मिसळतो. एकाच रंगाची चार लुगडी दोरीवर शेजारी शेजारी वाळत घालावीत तसं वाटतं, कुठलं कुठे संपतं ते कळत नाही.

व्हेनिसला येणारे राजे, सरदार, प्रवासी या मुलींना ऐकायला चर्चमध्ये गर्दी करत. खुर्चीचं भाडं, दानपेटी, मरताना केलेलं दान, यातून या घरांना पैसा मिळे. टाळ्या वाजवायच्या नाहीत, चर्च आहे. मग गाणं आवडलं तर लोक खोकायचे, पाय घासायचे. पण मुली कुणाला दिसत नसत. वर सज्जात त्या उभ्या आणि पुढे लोखंडी जाळी. आवाज बाहेर जाऊ द्यायचा, चेहरा नाही.

रूसो नावाचा मोठा विचारवंत तरुणपणी व्हेनिसला नोकरीला होता. तो अशाच दुसऱ्या एका घरातलं, मेंदिकांतीतलं, गाणं ऐकायला नेमाने जाई. त्या जाळीचा त्याला फार राग. एवढा गोड आवाज म्हणजे मागे अप्सरा असणार, हे त्याने धरूनच ठेवलेलं. ओळख काढून एकदा त्याने त्या मुलींसोबत जेवायचं आमंत्रण मिळवलं. एकेकीची ओळख करून दिली. एक दिसायला कुरूप, एकीला एकच डोळा, एकीच्या तोंडावर देवीचे व्रण. बिचारा हिरमुसला. जेवताना त्या हसल्या-बोलल्या तेव्हा त्याला त्या सुंदर वाटायला लागल्या आणि पुढे गाणं ऐकताना तो त्यांना सुंदरच समजत राहिला, असं त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. लोकांना ही गोष्ट मजेची वाटते. मला त्यातून कळलं ते हे की गरीब पोरी होत्या, देवी आलेल्या होत्या, आजारातून वाचलेल्या होत्या. जाळीच्या या बाजूला बसून लोक अप्सरा ऐकत होते.

हे घर म्हणजे माहेर होतं असं मी म्हणणार नाही. परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. लग्न करायचं तर कारभाऱ्यांची संमती, हुंडा घराकडून, आणि पुढे लोकांसमोर गाणार-वाजवणार नाही असं लिहून द्यायचं. वीस वर्षं गळा तयार करायचा आणि लग्नाच्या दिवशी तो गुंडाळून ठेवायचा. म्हणून कितीतरी जणींनी लग्नच केलं नाही. आत राहिल्या तर निदान गाता येत होतं, इतरांपेक्षा जेवण बरं मिळे, काहींना बाहेरच्या मुलींना शिकवून पैसे जमवता येत.

अ‍ॅना मारिया दाल व्हायोलिन ही त्यातली सर्वांत नावाजलेली. 1696 च्या सुमाराला तान्ही असताना घरात आली. विवाल्दीने तिच्यासाठी कितीतरी रचना केल्या, तिच्या नावाची वाजवायची वही व्हेनिसच्या संगीत विद्यालयात आजही आहे. व्हायोलिनशिवाय आणखी पाच-सहा वाद्यं ती वाजवायची. गुरुबाई झाली, पोरी घडवल्या आणि 1782 साली त्याच घरात वारली. ऐंशीच्या वर वय. उंबऱ्याच्या आत सगळं आयुष्य.

मेंदिकांतीतली मादालेना लोम्बार्दिनी मात्र बाहेर पडली. ती अनाथ नव्हती, गरीब घरची. सात-आठ वर्षांची असताना परीक्षा देऊन आत आली. 1767 मध्ये एका व्हायोलिनवादकाशी लग्न केलं आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये, मग लंडनमध्ये उघड्या व्यासपीठावर, जाळीशिवाय, स्वतःच्या रचना वाजवल्या. अशी उदाहरणं फार थोडी.

आणि ज्या कोरोत नव्हत्या? रेशीम कातणाऱ्या, धुणं धुणाऱ्या? त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. गाणाऱ्या पोरींचे कपडे कुणीतरी धूत असणारच.

विवाल्दीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पिएताचं आणि त्याचं येणं-जाणं, भांडणं, परत येणं चालू राहिलं. म्हातारपणी नशीब काढायला तो व्हिएन्नाला गेला आणि 1741 च्या जुलैमध्ये तिथेच गरिबीत मेला. लोक त्याला विसरले. 'ग्लोरिया'सुद्धा जवळजवळ दोनशे वर्षं कुणी ऐकली नाही. 1926 साली इटलीतल्या एका मठाला इमारत दुरुस्तीसाठी पैसे हवे होते म्हणून त्यांनी जुन्या वह्यांचे ढीग विकायला काढले. तुरीन शहराच्या ग्रंथालयातल्या लोकांनी पाहिलं तर आत विवाल्दीच्या हातचं लिखाण! पण सरकारी ग्रंथालयाकडे पैसे नाहीत. एका शेअर दलालाने ते विकत घेऊन दिले, आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, मावरोच्या नावाने. वह्यांच्या क्रमांकावरून लक्षात आलं की अर्धा साठा दुसरीकडे आहे. तो जेनोवातल्या एका सरदार घराण्याकडे सापडला. तो 1930 साली एका कापड कारखानदाराने विकत घेतला. त्याचाही लहानगा मुलगा गेलेला होता, रेन्झो. आज ते दोन साठे या दोन बाळांच्या नावानेच ओळखले जातात. 1939 साली सिएना गावात 'ग्लोरिया' पुन्हा लोकांसमोर गायली गेली.

दोन अर्ध्या भागांचं ते जुळणं वाचताना मला कोनाड्यातली अर्धी पदकं आठवली. पिएताच्या कितीतरी अर्ध्या पदकांचा दुसरा तुकडा कधीच आला नाही.

एक गंमत सांगायची राहिली. 'ग्लोरिया'चा शेवटचा, बारावा भाग विवाल्दीने रुज्जेरी नावाच्या दुसऱ्या संगीतकाराकडून घेतलाय. जरा बदल केला, पण मूळ त्याचंच. बचत गटाच्या भाषेत उसनवारी, आणि परतफेडीची नोंद नाही! ऐकायला मात्र तो फार चांगला आहे.

पिएताचं आजचं चर्च विवाल्दीच्या मृत्यूनंतर पुरं झालं, तेव्हा त्याने ते पाहिलं नाही. त्याच्या छतावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलींचं चित्र आहे आणि सज्जाला जाळ्या अजून आहेत. ती संस्थाही अजून आहे, व्हेनिसमध्ये लहान मुलांसाठी काम करते. कोनाडा बंद झाला.

तर पुढच्या बैठकीला मी काकींना म्हटलं, काकी, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. ते खालचे आवाज बायांचे होते. त्यांना तुमच्यासारखा आवाज होता म्हणून त्यांची नावंच तशी पडली. मग ऑक्सफर्डच्या बायांचं रेकॉर्डिंग लावलं. काकी मान खाली घालून ऐकत बसल्या. दुसरा भाग संपल्यावर विचारलं, "त्या बाया म्होरं बसायच्या का मागं?"

मी म्हटलं, काकी, सगळ्याच जाळीमागे. कुणालाच कुणी दिसत नव्हतं.

"मग बरंय," काकी म्हणाल्या.

त्यानंतरच्या एकादशीला आमच्या भजनी मंडळाने एक अभंग दोन पट्ट्यांत म्हणून पाहिला. बायांनी वर, काकींनी एकटीने खाली. पहिल्यांदा जमलं नाही, पेटीवाला वैतागला. दुसऱ्यांदा अर्धा जमला. अजून चाललंय.

आता मी थांबते आणि आपल्या केंद्रावरची ताई 'ग्लोरिया'चा दुसरा भाग लावतेय, बायांच्या आवाजातला. पाच-सहा मिनिटांचा आहे. वरचा आवाज आपोआप ऐकू येईल. तुम्ही खालचा धरून ठेवा.